बातमीतली बंदूक

१८०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या फेडरलिस्ट पक्षाची बाजू मांडण्यासाठी एक वृत्तपत्र काढले. नाव 'न्यूयॉर्क इव्हिनिंग पोस्ट', संपादक विल्यम कोलमन. पहिला अंक १६ तारखेला निघाला आणि दुसऱ्याच आठवड्यात हॅमिल्टन यांच्या घरातलीच बातमी छापण्याची वेळ या पत्रावर आली. त्यांचा एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा फिलिप हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीत, विरोधी पक्षाच्या एका वकिलाशी पिस्तुलांचे द्वंद्व लढला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. कोलमन यांनी ती हकीकत दिली आणि शेवटी मत नोंदवले, की या भयंकर रूढीपुढे एकट्यादुकट्याचा किंवा वृत्तपत्राचा आवाज फोल आहे. विधिमंडळाने कडक कायदा केल्याखेरीज ती थांबणार नाही. अमेरिकेतल्या बंदुकीच्या बातमीचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला इथून निघता येते, कारण बातमी आणि कायद्याची मागणी एकाच मजकुरात येण्याचे इतके जुने आणि इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. गंमत अशी, की याच कोलमन महाशयांनी थोड्याच वर्षांत एका राजकीय विरोधकाशी द्वंद्व केले आणि त्यात तो विरोधक मारला गेला. कायदा हवा, पण तोवर आपली इज्जत आपणच राखायची, असा तो जमाना.

त्या काळात वृत्तपत्राने पक्ष घेणे हा आरोप नव्हता. पक्षासाठीच तर पत्र निघत असे. अमेरिकेच्या राज्यघटनेतली मुद्रणस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती आणि शस्त्र बाळगण्याची दुसरी दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ या एकाच दिवशी अमलात आल्या, हेही इथे नोंदवून ठेवू. (आपल्याकडे लॉर्ड लिटनने १८७८ या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रे आणि शस्त्रे या दोहोंवर कायदे लादले. राज्यकर्त्यांनी या दोन गोष्टींकडे जोडीने पाहण्याची ही उलटी तऱ्हा.) हॅमिल्टन स्वतः ११ जुलै १८०४ रोजी राजकीय प्रतिस्पर्धी ॲरन बर यांच्याशी झालेल्या द्वंद्वात त्यांच्या गोळीने पडले आणि त्या भांडणाचे निमित्त होते 'ऑल्बनी रजिस्टर'मध्ये छापून आलेले एक पत्र. म्हणजे बातमीने गोळी झाडवली आणि गोळीची पुन्हा बातमी झाली.

पुढची पायरी १८३७ सालची आहे. इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हे गुलामगिरीविरोधी संपादक आपला छापखाना वाचवण्यासाठी साथीदारांसह बंदुका घेऊन गोदामात थांबले होते. ७ नोव्हेंबरच्या रात्री जमावाने हल्ला केला आणि ते ठार झाले. उत्तरेकडच्या कितीतरी पत्रांनी त्यांना मुद्रणस्वातंत्र्याचा हुतात्मा ठरवले. पण विल्यम लॉईड गॅरिसन यांच्या 'लिबरेटर'ने, म्हणजे त्यांच्याच पंथाच्या सर्वांत कडव्या पत्राने, त्यांनी शस्त्र उचलले याबद्दल खेद व्यक्त केला. संपादकाच्या हातात बंदूक शोभते का, हा प्रश्न तेव्हा वृत्तपत्रांनी आपापसांत जितक्या प्रामाणिकपणे लढवला, तितका तो नंतर फारसा दिसत नाही.

यादवी युद्ध संपले आणि एक अशी घटना घडली, जी आजच्या वादात दोन्ही बाजूंना सोयीस्करपणे विसरायला आवडते. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था, जिचे नाव आज वृत्तपत्रांच्या सर्वांत कडव्या टीकाकारांत घेतले जाते, ती स्थापन करण्यात एक पत्रकार पुढे होता. विल्यम कोनंट चर्च यांनी युद्धकाळात 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी वार्तांकन केले होते. १८६३ पासून ते 'आर्मी अँड नेव्ही जर्नल' हे साप्ताहिक चालवत. (ते ज्या भावासोबत त्यांनी सुरू केले, त्या फ्रान्सिस चर्च यांनीच पुढे १८९७ मध्ये 'सन'मध्ये सांताक्लॉज खरोखर आहे का असे विचारणाऱ्या मुलीला उत्तर देणारा प्रसिद्ध अग्रलेख लिहिला.) उत्तरेच्या शिपायांची नेमबाजी फारच सुमार आहे, यावर विल्यम चर्च आपल्या पत्रातून लिहीत राहिले आणि १८७१ च्या नोव्हेंबरात जॉर्ज विंगेट यांच्यासह त्यांनी ही संस्था नोंदवली. लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे तिचे मैदान झाले. आयर्लंडच्या नेमबाजांनी अमेरिकनांना दिलेले आव्हान 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये छापून आले. सप्टेंबर १८७४ मध्ये तो सामना पाहायला हजारोंची गर्दी लोटली आणि अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ अशा गुणांनी जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत बंदूक होती ती क्रीडावार्तेत. एकाच वस्तूला वृत्तपत्रात कुठले पान मिळते यावर तिचे समाजातले स्थान कसे ठरते, हे आपण या वळणावर लक्षात घेऊ.

आता पश्चिमेकडे जाऊ. ॲरिझोनातल्या टूमस्टोन या चांदीच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी सुमारे तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या आणि तीन माणसे मेली. ओ. के. कोरलची ही चकमक सिनेमांनी जगभर नेली. पण ती कशावरून झाली हे बहुतेक प्रेक्षकांना माहीत नसते. गावाच्या नगर परिषदेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये नऊ क्रमांकाचा एक नियम केला होता: गावात शस्त्र घेऊन हिंडायचे नाही, आल्याबरोबर ते तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचे. मार्शल व्हर्जिल आर्प आपल्या भावांना आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन निघाले, ते हा नियम मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घ्यायला. म्हणजे जिला सारे जग मोकळ्या बंदुकांच्या राज्याची खूण समजते, ती चकमक मुळात शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीची होती.

त्या गावात दोन दैनिके होती. 'एपिटाफ'चे संपादक जॉन क्लम हेच गावाचे महापौर; पत्र रिपब्लिकन, आर्प बंधूंच्या बाजूचे. 'नगेट'चे संपादक हॅरी वुड्स हे शेरीफ बीहन यांचे दुय्यम अधिकारी. पत्र डेमोक्रॅट, आणि बीहन यांचे आर्पांशी उघड वैर. दुसऱ्या दिवशी 'एपिटाफ'ने लिहिले, की भल्या नागरिकांच्या मते मार्शलने केले ते कर्तव्यच केले. 'नगेट'चा पहिल्या दिवसाचा वृत्तांत मात्र त्याच्या निष्ठा पाहता बराच सरळ आहे. विष पुढच्या आठवड्यांत, न्यायालयीन चौकशीच्या काळात चढत गेले. मला या प्रकरणात पत्रांच्या पक्षपातापेक्षा नंतरची विस्मृती अधिक बोलकी वाटते. १९३१ साली स्टुअर्ट लेक यांनी लिहिलेले व्हर्जिल यांचे बंधू वायट आर्प यांचे भडक चरित्र गाजले, मग चित्रपट आले, दूरचित्रवाणीवरच्या मालिका आल्या आणि या सगळ्या प्रवासात नऊ क्रमांकाचा नियम कुठल्या कुठे गळून पडला. लबाड बातमीचे निदान खंडन तरी छापून आणता येते.

दक्षिणेकडे तेव्हा वेगळीच तऱ्हा चालू होती. तिथे बंदूक कुणाच्या हातात आहे, यावर बातमीचा मथळा ठरत असे. १८९८ साली नॉर्थ कॅरोलायनात निवडणुका आल्या, तेव्हा जोसीफस डॅनियल्स यांच्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'ने महिनोन्महिने व्यंगचित्रे आणि अफवा छापून गोऱ्या वाचकांना घाबरवले. काळे लोक हत्यारे जमवत आहेत, बंड होणार आहे, असा तो सूर. प्रत्यक्षात विल्मिंग्टन शहरात जलद गोळ्या झाडणारी तोफ-बंदूक विकत घेतली होती ती गोऱ्या व्यापाऱ्यांनी. १० नोव्हेंबरला सशस्त्र जमावाने अलेक्झांडर मॅनली यांच्या 'डेली रेकॉर्ड' या काळ्यांच्या दैनिकाची कचेरी जाळली, कित्येक काळ्या नागरिकांना ठार केले आणि निवडून आलेले नगरशासन उलथून टाकले. गोऱ्यांच्या पत्रांत याची नोंद 'वांशिक दंगल' अशी झाली आणि पाठ्यपुस्तकांनी तीच उचलली. 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'ने आपल्या या भूमिकेचा सविस्तर वृत्तांत वाचकांपुढे ठेवला तो २००६ मध्ये, म्हणजे १०८ वर्षांनी. विल्मिंग्टनच्याही आधी, १८९२ साली, मेम्फिसमध्ये ज्यांचे पत्र जमावाने उद्ध्वस्त केले, त्या आयडा वेल्स यांनी मात्र तेव्हाच लिहून ठेवले होते, की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा हवी. शस्त्रनियंत्रणाचे समर्थक म्हणजे पुरोगामी आणि विरोधक म्हणजे प्रतिगामी, अशी आजची विभागणी मनात घेऊन जुन्या फायली चाळणाऱ्याची इथे पंचाईत होते.

विसावे शतक छायाचित्रासह आले. ९ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कचे महापौर विल्यम गेनर युरोपला जायला निघाले होते. होबोकनच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावर, नोकरीवरून काढलेल्या एका गोदी कामगाराने त्यांच्या मानेत गोळी झाडली. 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चे छायाचित्रकार विल्यम वॉर्नेक उशिरा पोचले होते; इतर छायाचित्रकार आपले काम आटपून निघून गेले होते. वॉर्नेक यांनी कॅमेरा रोखला तो नेमका गोळी लागल्यानंतरच्या क्षणाला. रक्ताळलेली दाढी, सावरायला धावलेली माणसे. महापौर वाचले आणि ते चित्र वृत्तछायाचित्रणाच्या इतिहासात गेले. पाच महिन्यांनी, २३ जानेवारी १९११ रोजी, ग्रामर्सी पार्कजवळ डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या गेल्या. सिनेटमधला भ्रष्टाचार उघडा पाडणारी १९०६ ची लेखमाला लिहिणारे हेच ते पत्रकार आणि कादंबरीकार. फिलिप्स यांनी एका कादंबरीत मारेकऱ्याच्या बहिणीची बदनामी केली, असा त्याचा ग्रह होता.

एक महापौर आणि एक नामांकित लेखक. त्याच वर्षी टिमोथी सलिव्हन यांनी आणलेला कायदा न्यूयॉर्क राज्यात मंजूर झाला आणि लपवता येईल अशा शस्त्रासाठी परवाना लागू लागला. या कायद्यामागे त्या दोन गोळीबारांइतकीच, वृत्तपत्रांनी रोज रंगवलेली इटालियन स्थलांतरितांची आणि 'ब्लॅक हँड' टोळ्यांची भीतीही होती. कायद्याखाली ज्याला सर्वांत आधी शिक्षा झाली, तो एक इटालियन मजूर. ब्लॅक हँडच्या भयाने पिस्तूल जवळ ठेवले, असे त्याचे म्हणणे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने न्यायाधीशांनी इटालियन समाजाला दिलेल्या तंबीचे कौतुक केले. परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची जी अट या कायद्यात पुढे आली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली २३ जून २०२२ रोजी.

त्यानंतरची काही दशके आपण भरभर ओलांडू. १९२९ साली व्हॅलेंटाइन दिनी शिकागोत सात जणांचे हत्याकांड झाले, टॉमी गन मथळ्यांत आली आणि १९३४ च्या कायद्याने अशा बंदुकांवर २०० डॉलरचा कर बसला. थांबायचे आहे ते १९६३ पाशी. ली हार्वी ऑस्वाल्डने ज्या इटालियन रायफलीने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून केला, ती त्याने टोपणनावाने टपालाने मागवली होती, दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला. शिकागोच्या दुकानाची ती जाहिरात छापून आली होती 'अमेरिकन रायफलमन'च्या फेब्रुवारीच्या अंकात, म्हणजे रायफल असोसिएशनच्याच मासिकात. बातमीपेक्षा जाहिरात निष्पाप असते, असे समजणाऱ्यांनी हा अंक पाहावा. केनेडींच्या खुनानंतर दोन दिवसांनी ऑस्वाल्ड मारला गेला तो एनबीसीच्या थेट प्रक्षेपणात. टपालाने बंदूक विकण्यावर बंदी यायला तरीही आणखी पाच वर्षे आणि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून लागले.

मधल्या काळात कॅमेऱ्याची ताकद ओळखून तिचा पद्धतशीर वापर केला तो 'ब्लॅक पँथर्स' या काळ्यांच्या संघटनेने. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरणे तेव्हा कायदेशीर होते आणि ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवायला पँथर्स तसे फिरत. त्यांना रोखण्यासाठी डॉन मलफर्ड या रिपब्लिकन आमदाराने विधेयक आणले. २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर्स साक्रामेंटोच्या विधानभवनावर गेले, बरेचसे रायफली आणि शॉटगन घेऊन. वार्ताहरांचा घोळका त्यांच्यासोबत होता आणि त्या गर्दीच्या रेट्यात ते थेट सभागृहात शिरले. पँथर्सचे नेते बॉबी सील यांनी वाचलेले निवेदन फार थोड्यांना आठवते. बंदूकधारी काळ्या तरुणांचे छायाचित्र देशभर गेले. विधेयक झपाट्याने पुढे सरकले आणि जुलैत त्यावर सही केली राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी.

याच्या दहाच वर्षांनी, मे १९७७ मध्ये, सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत रायफल असोसिएशनच्या कडव्या सभासदांनी जुन्या नेत्यांना रातोरात हटवले. शिकार आणि नेमबाजीत रमणारी संस्था राजकारणात उतरली आणि वृत्तपत्रे हा तिचा घोषित शत्रू झाला. ब्रायन ॲन्स पॅट्रिक या अभ्यासकाने २००२ साली या नात्यावर एक पुस्तकच लिहिले. त्याचा निष्कर्ष असा, की प्रतिष्ठित पत्रांत या संस्थेवर जितकी टीका होई, तितके तिचे सभासद वाढत. पक्षपाताची तक्रार खरी होती, आणि ती फायद्याचीही होती.

खरी होती, याचा पुरावा पुढच्या एका प्रकरणात आहे. २००० साली एमरी विद्यापीठातले इतिहासकार मायकेल बेलेसाईल्स यांचे 'आर्मिंग अमेरिका' हे पुस्तक आले. जुन्या अमेरिकेत बंदुका फार थोड्या घरांत होत्या, हे त्यांचे प्रतिपादन. मोठ्या वृत्तपत्रांच्या परीक्षणांत स्तुतीचा पाऊस पडला, पाठोपाठ बॅनक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. क्लेटन क्रेमर नावाचा हौशी अभ्यासक आधीपासून ओरडून सांगत होता, की संदर्भ जुळत नाहीत. पण तो बंदूकवाल्यांपैकी, म्हणून त्याचे कुणी मनावर घेतले नाही. मग उघड झाले, की सॅन फ्रान्सिस्कोतली जी मृत्युपत्रांची कागदपत्रे आपण पाहिली असे लेखक म्हणत होते, ती १९०६ च्या भूकंपातच नष्ट झाली होती. 'बॉस्टन ग्लोब'सारख्या पत्रांनीच नंतर हे खणून काढले, एवढे त्यांच्या पदरात टाकायला हवे. २००२ च्या अखेरीस पारितोषिक परत घेतले गेले. दुसऱ्या बाजूचे जॉन लॉट यांनी २००३ मध्ये 'द बायस अगेन्स्ट गन्स' हे पुस्तक काढून वृत्तपत्रांवर खटलाच भरला. बंदुकीने स्वतःचा बचाव केल्याच्या घटना छापल्याच जात नाहीत, हा त्यातला मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. पण त्याच वर्षी हे लॉट महाशय इंटरनेटवर 'मेरी रॉश' या बनावट बाईच्या नावाने स्वतःचीच वाखाणणी करताना सापडले.

कोलंबाईनच्या शाळेतला गोळीबार २० एप्रिल १९९९ चा. चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांनी त्या दिवशी लांब कोट घालणाऱ्या मुलांच्या टोळीची कथा रचली, आणि ती खोटी ठरायला वर्षे गेली. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा तर काही तास मारेकरी म्हणून त्याच्या भावाचे नाव फिरत होते. त्यानंतर दहा दिवसांच्या आत न्यूयॉर्कच्या उपनगरांतल्या 'जर्नल न्यूज'ने दोन काउंट्यांतल्या पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर टाकून प्रसिद्ध केले. माहिती सार्वजनिक होती, छापणे कायदेशीर होते. पण ज्यांनी कुठलाही गुन्हा केला नव्हता त्यांना गुन्हेगारांसारखे मांडले गेले, असा संताप उसळला. कुणी तरी पत्रकारांच्याच घरांचे पत्ते जाहीर केले, धमक्या आल्या आणि वृत्तपत्राला आपल्या कचेरीच्या दारात बंदूकधारी रखवालदार नेमावे लागले. जानेवारीत राज्याने शस्त्रकायदा कडक केला आणि त्याच कायद्यात परवानाधारकांना नाव गुप्त ठेवण्याची मुभाही दिली. नकाशा उतरवला गेला.

५ डिसेंबर २०१५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बंदुकांविरुद्धचा अग्रलेख पहिल्या पानावर छापला. १९२० नंतर या पत्राने असे केले नव्हते. त्याचे कुणाला नवल वाटले नाही, कारण पत्राचे मत ठाऊकच होते. नवल २०१९ च्या ऑगस्टमध्ये घडले. एल पासो आणि डेटन इथल्या हत्याकांडांनंतर रूपर्ट मरडॉक यांच्या मालकीच्या 'न्यूयॉर्क पोस्ट'ने पहिल्या पानावरून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना युद्धातल्या धर्तीच्या बंदुकांवर बंदी घालण्याचे आवाहन केले. हे तेच कोलमन यांचे पत्र, नाव थोडे आखडलेले.

एवढ्या प्रवासानंतर पक्षपात कुठे शोधायचा? माझे मत असे, की अग्रलेखांत तो सर्वांत कमी हानिकारक असतो, कारण तिथे तो उघड असतो. तो मुरतो निवडीत. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. एफबीआय ज्यांना सार्वजनिक ठिकाणचे बेछूट गोळीबार मानते, त्यांत त्या वर्षी १०३ जण मेले. वाचकांनी वर्षभर वाचले ते मुख्यतः या १०३ जणांबद्दल. आत्महत्यांच्या बातम्या देऊ नयेत वा जपून द्याव्यात, हा संकेत चांगल्या हेतूने आला आहे आणि मी तो मोडा असे म्हणणार नाही. पण त्यामुळे निम्म्याहून अधिक मृत्यू बातमीच्या बाहेर राहतात. शहरांच्या गरीब वस्त्यांत रोज मरणारे काळे तरुण एका परिच्छेदात आटोपतात. लिहिले जाते ते लांब नळीच्या रायफलींबद्दल, आणि बहुतेक खून होतात ते साध्या पिस्तुलांनी.

मोजणीही आता वादात आहे. सँडी हूकनंतर 'स्लेट' या नियतकालिकाने बंदुकीच्या बळींची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या कामातून २०१३ मध्ये 'गन व्हायोलन्स आर्काइव्ह' उभे राहिले. मारेकरी सोडून चार जणांना गोळी लागली की ते सामूहिक गोळीबार मानते, मग कुणी मरो वा न मरो. त्याचा वार्षिक आकडा शेकड्यांत जातो. 'मदर जोन्स' हे मासिक फक्त सार्वजनिक ठिकाणी किमान ठरावीक माणसे ठार झाली तरच नोंद करते. त्याचा आकडा बहुधा हातांच्या बोटांवर मावतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि कोणत्या बातमीत कुठला आला यावरून पत्राचा कल बहुतेक वेळा ओळखता येतो. २०१५ पासून 'द ट्रेस' हे केवळ याच विषयाला वाहिलेले संकेतस्थळ चालते. त्याला सुरुवातीचा पैसा शस्त्रनियंत्रणवाद्यांकडून मिळाला, हे ते लपवत नाही. बंदूक बाळगणाऱ्या पत्रकाराने २०२१ मध्ये 'द रीलोड' काढले. आर्काइव्हची रोजची मोजणी मात्र पोलिसांच्या नोंदींबरोबरच गावोगावच्या छोट्या वृत्तपत्रांतल्या दोन-चार ओळींच्या बातम्यांवर चालते, आणि ती वृत्तपत्रे दरवर्षी मोठ्या संख्येने बंद पडत आहेत.